‘हक्क’ की ‘अधिकार’? आणि चिनी भाषेतला ‘छुएन-ली’

प्रश्न :
घरकाम करणाऱ्या बायकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. शीर्षक दिलं होतं ‘तुमचे अधिकार’. वस्तीत वाचून दाखवलं, तर एक मावशी म्हणाल्या, “अधिकार साहेबाला असतात, आम्हाला कुठले?” तिथेच अडलेय. आपण ‘माहितीचा अधिकार’ म्हणतो आणि ‘लोकसेवा हक्क’ही म्हणतो. मग दोन्ही एकच का? चिनी भाषेत हा शब्द एका मिशनऱ्यामुळे आला असं मागे ऐकलं होतं. कुणाला माहीत असेल तर तेही लिहा.

प्रतिसाद :
ताई, मावशींनी नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंय. चीनमध्ये दीडशे वर्षांपूर्वी हेच दुखणं होतं, म्हणून आधी तिकडचं सांगतो.

तो मिशनरी म्हणजे विल्यम मार्टिन, अमेरिकन प्रेस्बिटेरियन. १८५० मध्ये चीनच्या निंगपो बंदरात उतरला आणि पुढे दिंग वेइल्यांग या चिनी नावाने ओळखला गेला. त्याने व्हीटन या अमेरिकन कायदेपंडिताचा आंतरराष्ट्रीय कायद्यावरचा ग्रंथ चिनीत आणला. चार चिनी सहकारी त्याच्या मदतीला होते. त्यांची नावं पुस्तकात छापली आहेत, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण शब्द शोधायला ती माणसंही बसली होती.

पेकिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) दरबाराला या भाषांतराबद्दल आधी शंका होती. पण १८६४ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या युद्धनौकेने चिनी पाण्यात डेन्मार्कची जहाजं पकडली. राजपुत्र गोंग यांच्या परराष्ट्र कचेरीने याच भाषांतरातल्या तत्त्वांच्या आधारे हरकत घेतली. जहाजं सुटली, भरपाईही मिळाली. मग कचेरीने छपाईला ५०० ताएल (चिनी वजनी माप) चांदी दिली आणि ३०० प्रती प्रांतोप्रांती वाटायला घेतल्या.

आता शब्दाकडे येऊ. ‘राइट’ला चिनीत तयार शब्दच नव्हता. मार्टिनच्या मंडळींनी ‘छुएन’ आणि कुठे कुठे ‘छुएन-ली’ वापरला. ‘छुएन’ म्हणजे मुळात तराजूचं वजन. त्यावरून तोलणं, आणि मग सत्ता. आपणही ‘त्यांचं मंत्रालयात वजन आहे’ म्हणतोच की! ‘ली’ म्हणजे लाभ, नफा. ही जोडी जुनीच, पण तिची कीर्ती बरी नव्हती. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला चिनी तत्त्वज्ञ श्युनत्सु शिकलेल्या माणसाची खूण सांगताना म्हणतो की सत्ता आणि लाभ त्याला डळमळवू शकत नाहीत. तिथे हाच ‘छुएन-ली’ आहे. सज्जनाने ज्यापासून दूर राहावं, तेच नाव आता प्रत्येकाच्या न्याय्य मागणीला मिळालं.

मार्टिनला हे कळत नव्हतं असं मात्र म्हणू नका. पुढे तो पेकिंगच्या तोंगवन ग्वान या सरकारी भाषाशाळेचा प्रमुख झाला (१८६९ ते १८९४) आणि तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन कायद्याची आणखी पुस्तकं चिनीत आणली. वूल्सी या दुसऱ्या अमेरिकन लेखकाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरच्या ग्रंथाच्या भाषांतराला जोडलेल्या टिपणात तो मोकळेपणाने कबूल करतो : ‘छुएन’ म्हणजे इथे केवळ अंमलदाराच्या हातची सत्ता नव्हे, कुणालाही न्यायाने मिळायला हवा तो वाटाही. कधी त्याला ‘ली’ जोडलाय. पहिल्यांदा वाचताना हे डोळ्यांना खुपेल, पुन्हा पुन्हा वाचलं की नाइलाज कळेल. भाषांतरकाराने इतकं प्रांजळ असावं. मी स्वतः भाषांतरं करतो, म्हणून या ओळी मला जवळच्या वाटतात.

प्रश्नकर्ती :
‘अंमलदाराच्या हातची सत्ता’ म्हणजे मावशींचा साहेबच की! पण मग तिकडे कुणी दुसरा शब्द सुचवला नाही का?

प्रतिसाद :
सुचवला. येन फू या मोठ्या चिनी भाषांतरकाराला ‘छुएन-ली’ अजिबात मान्य नव्हता. धर्माने राज्य करणाऱ्या राजाला दांडगाईने राज्य बळकावणाऱ्याचं नाव द्यावं, तसं हे झालं, असं त्याने १९०२ मध्ये एका पत्रात लिहिलं. ‘सरळ, न्याय्य’ अशा अर्थाचा शब्द त्याला हवा होता. पण तोवर उशीर झाला होता. मार्टिनचं पुस्तक १८६५ मध्येच जपानात छापलं गेलं, तिथल्या कायद्याच्या भाषेत तो शब्द मुरला आणि तिथून आणखी जोर धरून चीनला परतला. आज चिनीत ‘सत्ता’ आणि ‘हक्क’ हे दोन्ही शब्द उच्चाराला तंतोतंत एक आहेत. फरक फक्त लिहिताना दिसतो. नुसतं ऐकणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं.

आपलं नशीब त्या मानाने बरं. ‘अधिकार’ला सत्तेचा, पदाचा वास आहे, त्यातूनच ‘अधिकारी’ झाला. ‘हक्क’ अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ सत्य, रास्त. पेशवाईच्या कागदांत पाटलाचे, वतनदारांचे ‘हक्क’ येतात, म्हणजे पिकातला, गावच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा. मार्टिन ज्या ‘वाट्या’साठी शब्द शोधत होता, तो आपल्या गावगाड्यात रोजच्या बोलण्यात होता. टिळकांनीही ‘जन्मसिद्ध हक्क’च म्हटलं. कायद्याच्या नावात ‘माहितीचा अधिकार’ आहे, ते नाव तसंच लिहावं लागेल. एरवी जे मागायला कुणाची मेहेरबानी लागत नाही तिथे ‘हक्क’, आणि जे पदामुळे हाती येतं तिथे ‘अधिकार’, असं मी लिहितो.

प्रश्नकर्ती :
पटलं. शीर्षक ‘तुमचे हक्क’ करते. आणि आत एक वाक्य होतं, ‘तक्रार करण्याचा अधिकार तुम्हाला आहे, तिची चौकशी करण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना आहे.’ त्यातला पहिला ‘अधिकार’ काढून तिथे ‘हक्क’ घातला. रविवारी मावशींना पुन्हा वाचून दाखवते.