जर्नल स्क्वेअर राहिला, जर्नल गेलं. आता प्रायमरीचा निकाल समजावून कोण सांगणार?

पाथवाली
न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या पाथ ट्रेनमधून जर्सी सिटीच्या जर्नल स्क्वेअरला उतरून नेवार्क अव्हेन्यूवर कोथिंबीर-कढीपत्ता आणायला आपण सगळेच जातो. त्या चौकाला नाव मिळालं ते 'जर्सी जर्नल' या वर्तमानपत्रावरून. 1867 साली निघालेलं हे पत्र 1 फेब्रुवारी 2025 ला बंद पडलं. त्याच सुमारास 'स्टार-लेजर'नेही छापील अंक थांबवला; आता ते फक्त वेबवर. माँटव्हिलचा छापखाना बंद होणार होता, त्याचा फटका दोघांनाही बसला.

त्यानंतर चारच महिन्यांनी, 10 जूनला, न्यू जर्सीची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान, झाली. गव्हर्नरपदाचं त्याच रात्री कळलं: डेमोक्रॅटिक पक्षाच्या सहा उमेदवारांत मिकी शेरिल साधारण 34 टक्के मतांवर पुढे, रिपब्लिकनांत जॅक चिटारेली एकतर्फी. पण असेंब्लीच्या, म्हणजे राज्याच्या विधानसभेच्या, 80 च्या 80 जागाही मतपत्रिकेवर होत्या, त्यांचं काय? आमच्या 32 व्या मतदारसंघात रवी भल्ला जिंकले हे ग्रुपवर सगळ्यांनी फिरवलं, कारण नाव आपल्याकडचं. दुसऱ्या जागेवर केटी ब्रेनन जिंकल्या. त्या कोण, घरभाड्याबद्दल काय म्हणतात, कुणाला विचारा. मी स्वतः मतदानाच्या रांगेत उभी राहून फोनवर शोधत होते. माझं म्हणणं सरळ आहे: गावचं पत्र गेलं की प्रायमरी आंधळी कोशिंबीर होते.

उसाचा_रस
ताई, जुन्या दिवसांचं फार कौतुक चाललंय. ही पत्रं धडधाकट होती तेव्हा न्यू जर्सीच्या प्रायमरीत काय चालायचं? 'काउंटी लाइन'! काउंटीतल्या पक्षपुढाऱ्यांच्या पसंतीचे सगळे उमेदवार एका ठळक रांगेत, बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. त्या कोपऱ्याला इथले लोक 'बॅलट सायबेरिया' म्हणायचे. दशकानुदशकं हे चाललं, छापखाने धडधडत असताना. मोडलं कुणी? सिनेटसाठी उभे राहिलेले अँडी किम कोर्टात गेले आणि मार्च 2024 मध्ये न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्यांच्या बाजूने आदेश दिला. म्हणजे पत्रं शेवटच्या घटका मोजत असताना. 2025 ची गव्हर्नरची प्रायमरी लाइनशिवाय झाली म्हणून तर सहा जण खरे लढले. पत्रं कमी, लोकशाही जास्त. आता बोला.

पाथवाली
बोलते की. लाइन होती तेव्हा मतदाराला वाचायची गरजच नव्हती. पुढाऱ्याने रांग लावून दिली, आपण बटण दाबलं. आता रांग मोडली, निवड आपल्या गळ्यात आली, आणि नेमक्या त्याच वर्षी माहिती देणारा उठून गेला. तुमचा मुद्दा माझ्याच पारड्यात पडतोय.

उसाचा_रस
वकिली छान आहे. पण जुन्या पत्रांनी ती रांग कधी मोडली नाही, हे तसंच राहतं.

फोर्टली_फाटा
राजकीय सूडापोटी पुलाच्या लेन बंद केल्या ते ब्रिजगेट झालं, तेव्हा मी पुलाजवळच्या फोर्ट लीमध्येच राहायचो. सप्टेंबर 2013, जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिजच्या लेन बंद, ऑफिसला रोज दीड तास. आम्ही शिव्या घालून गप्प. 'द रेकॉर्ड' या बर्गन काउंटीच्या पत्रात वाहतुकीवर सदर लिहिणाऱ्या पत्रकाराने पहिल्यांदा विचारलं की लेन बंद का. वाहतुकीचं सदर हो! राजकीय संपादकाचं नव्हे. त्यातून तेव्हाचे गव्हर्नर क्रिस क्रिस्टी यांच्या कार्यालयापर्यंत धागा गेला आणि ते प्रकरण 2016 च्या अध्यक्षीय प्रायमरीत त्यांच्या मागे लागलं. असं बारीकसारीक विचारायला रोज पगारावर कुणीतरी लागतं.

उसाचा_रस
आणि आज राज्याच्या राजकारणाच्या बातम्या लोक कुठे वाचतात? 'न्यू जर्सी ग्लोब'वर. ते चालवणारे डेव्हिड वाइल्डस्टीन म्हणजे त्याच ब्रिजगेटमध्ये गुन्हा कबूल केलेले गृहस्थ. (2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्यांची दोषसिद्धी रद्द झाली, तो भाग वेगळा.) पण कोणत्या मतदारसंघात कोण कुणाला पाडतंय हे तिथे वाचायला मिळतं. बातमी मेलेली नाही, पत्ता बदललाय.

फोर्टली_फाटा
ते पुढाऱ्यांना आणि त्यांच्या सल्लागारांना हवं ते देतात. आमच्या गल्लीतल्या पाण्याच्या पाइपचं कोण देणार?

नाशिकचा_नान्या
लांबून बोलतोय, राग नसावा. आमच्याकडे पेपर अजून दारात पडतो, महिनाअखेर रद्दीचे पैसेही येतात. पण 2009 च्या विधानसभेला पेड न्यूजचा जो तमाशा झाला, तो पाहिल्यावर 'पत्र आहे म्हणजे मतदार शहाणा' हे माझ्या गळी उतरत नाही. पूर्ण पान कौतुक, खाली 'जाहिरात' हा शब्द नाही.

हिरवंकार्ड
मी ग्रीन कार्डवर, मला मतदानाचा हक्क नाही, प्रॉपर्टी टॅक्स मात्र आहे. शेजारच्या प्लॉटवर टॉवर येणार ही सूचना जर्नलच्या मागच्या पानावर बारीक टायपात यायची. आता सरकारी सूचना ऑनलाइन. मला कळलं ते खड्डा खणल्यावर.

लाँगआयलंडकर
पत्र असून काय होतं तेही सांगतो. अमेरिकी काँग्रेससाठी उभे राहिलेले जॉर्ज सँटोस आठवतात? आमच्याकडच्या 'नॉर्थ शोअर लीडर' या साप्ताहिकाने नोव्हेंबर 2022 च्या निवडणुकीआधीच त्यांच्या संपत्तीच्या आकड्यांवर संशय घेतला होता. कुणी ढुंकून पाहिलं नाही. ते निवडून आले, डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने छापलं तेव्हा बोंब झाली, आणि 1 डिसेंबर 2023 ला सभागृहाने त्यांना हाकललं.

पाथवाली
त्या साप्ताहिकाची बातमी उचलायला आसपास एखादं तगडं दैनिक किंवा टीव्हीवाला हवा होता. उतरंड असते ती. खालचं मडकं फुटलं की वरचीही ढासळतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या 2024 च्या अहवालात 2005 पासून अमेरिकेतली 3,200 हून जास्त पत्रं गेल्याचं म्हटलंय. आणि 'सिनसिनाटी पोस्ट' हे ओहायोतलं दैनिक 2007 च्या शेवटी बंद पडल्यावर त्याच्या भागातल्या स्थानिक निवडणुकांना उमेदवार कमी उभे राहिले, मतदानही घसरलं, असं दोन अर्थतज्ज्ञांना आढळलं होतं.

उसाचा_रस
बरं. एक विचारू? तुम्ही जर्सी जर्नल शेवटचं विकत कधी घेतलंत?

पाथवाली
...1 फेब्रुवारीला गेले होते. आठवण म्हणून. दुकानदार म्हणाला, संपले. त्याआधी कधी, ते आठवत नाही.

हिरवंकार्ड
माझ्याकडे दोन आहेत. शनिवारी भाजी आणायला येणार असाल तर एक घेऊन जा. थोडा चहा सांडलाय पहिल्या पानावर.