मदत हवी आहे : माल्कम यंगवर लिहितेय, एसी/डीसीला नक्की कुठला बँड म्हणू?

मंडळी, जरा मदत हवी आहे आणि हाताशी दोनच दिवस आहेत.

गेल्या शनिवारी, १८ नोव्हेंबर २०१७ ला माल्कम यंग गेला. ६४ वर्षांचा होता. त्याला डिमेन्शिया झाल्याचं २०१४ सालीच जाहीर झालं होतं आणि तेव्हापासून तो बँडमध्ये नव्हताच, म्हणजे बातमी अगदी अचानक आली असं नाही, पण तरी वाचली आणि दिवसभर काही सुचेना. त्याचा मोठा भाऊ जॉर्ज २२ ऑक्टोबरला गेला, त्याला महिनाही झाला नव्हता. बँडमध्येच गिटार वाजवणाऱ्या धाकट्या अँगसने चार आठवड्यांत दोन भाऊ गमावले, हे सारखं डोक्यात येतंय.

आम्ही सहासात जण महिन्यातून एकदा रेकॉर्ड्स ऐकायला जमतो. या वेळची बैठक माल्कमसाठी आहे आणि सुरुवातीला वाचायचं एक पानभर टिपण मी लिहायचं ठरलंय. मी पहिलं वाक्य लिहिलं, "ऑस्ट्रेलियन रॉक बँड एसी/डीसीचा संस्थापक आणि रिदम गिटारिस्ट", उत्साहाने ग्रुपवर टाकलं आणि तिथेच माशी शिंकली. काल रात्री दीड वाजेपर्यंत भांडण चाललं होतं.

एकाचं म्हणणं, ऑस्ट्रेलियन कसला, हा तर स्कॉटिश बँड. माल्कम आणि अँगस दोघंही ग्लासगोचे, कुटुंब १९६३ मध्ये सिडनीला गेलं तेव्हा माल्कम दहा वर्षांचा, अँगस आठ. गायक बॉन स्कॉटचा जन्मही स्कॉटलंडचा, तोही सहा वर्षांचा असताना मेलबर्नला आला आणि मग फ्रीमँटलला वाढला. दुसरीचं म्हणणं, जन्मदाखले कशाला काढताय, बँड सिडनीत निघाला नोव्हेंबर १९७३ मध्ये, पहिला शो त्याच वर्षी ३१ डिसेंबरला सिडनीच्याच चेकर्स क्लबमध्ये झाला, विषय संपला. तिसरा म्हणतो १९७६ ला लंडन गाठलं म्हणून जगाला कळले, नाहीतर कोण विचारत होतं, तेव्हा सरळ ब्रिटिश हार्ड रॉक लिही.

मी म्हटलं बघू तरी, म्हणून 'बॅक इन ब्लॅक' या अल्बमच्या वेळी बँडमध्ये कोण कोण होतं ते काढलं. माल्कम, अँगस ग्लासगो. बॉननंतरचा गायक ब्रायन जॉन्सन इंग्लंडच्या गेट्सहेडकडचा, बेसिस्ट क्लिफ विल्यम्स रॉमफर्डचा, तोही इंग्लंडच. ऑस्ट्रेलियात जन्मलेला एकटा ड्रमर फिल रड! त्याच्या आधीच्या 'हायवे टू हेल'लाही ब्रायनच्या जागी बॉन, बाकी हेच चौघं, म्हणजे तिथेही ऑस्ट्रेलियात जन्मलेला एकच. हे बघून माझाच विश्वास डळमळला.

मला यात कुणाला हरवायचं नाहीये. पण माल्कमने आयुष्यभर मागे, ड्रम्सच्या शेजारी उभं राहून वाजवलं, कोरस आला की माइकपाशी यायचा, गायचा आणि परत आपल्या जागी जायचा, आणि आता त्याच्यासाठी लिहिलेल्या पानावरही लोक देशावरून भांडताना तोच मागे पडतोय, याचं वाईट वाटतं. पहिलं वाक्य कसं लिहू की ते खरंही असेल आणि माल्कमचंही असेल? जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद :
ताई, तुमचं पहिलं वाक्य बरोबरच होतं, बदलू नका. जन्मगावं मोजायची तर जॉर्जच्या ईझीबीट्स या बँडकडे बघा. ऑस्ट्रेलियाचा साठच्या दशकातला सगळ्यात गाजलेला बँड, १९६६ मध्ये 'फ्रायडे ऑन माय माइंड' इंग्लंड-अमेरिकेतही चाललं, आणि पाचातला एकही जण ऑस्ट्रेलियात जन्मलेला नाही. जॉर्ज ग्लासगोचा, स्टीव्ही राइट लीड्सचा, ड्रमर लिव्हरपूलकडचा, हॅरी वांडा आणि बेसिस्ट दोघे डच. सिडनीच्या व्हिलावुडमध्ये बाहेरून आलेल्या कुटुंबांसाठी वसतिगृह होतं, तिथे ही पोरं एकमेकांना भेटली. पुढे याच जॉर्ज आणि हॅरीने एसी/डीसीचे पहिले अल्बम प्रोड्यूस केले. त्या काळी ऑस्ट्रेलियन रॉक असाच तयार होत होता, आईबापांबरोबर बोटीने आलेल्या मुलांकडून. मग "तिथे जन्मले नाहीत म्हणून तिथले नाहीत" हे कसं टिकणार?

प्रतिसाद :
वरच्यांशी सहमत, पण एक दुरुस्ती. वादात बॉनला ओढताय तर तो संस्थापक नव्हता हे लक्षात असू द्या, तो १९७४ मध्ये आला. आधीचा गायक डेव्ह इव्हान्स, त्याचा जन्म वेल्सचा, पहिलं सिंगल त्याच्याच आवाजात आहे. बँड काढला माल्कमने, धाकट्या भावाला त्यानेच घेतलं. आणि बॉनवरून भांडूच नका हो, त्याचा पुतळा फ्रीमँटललाही आहे आणि स्कॉटलंडमध्ये तो लहानपणी राहायचा त्या किरीम्यूअरलाही आहे. दोन्ही गावांना तो आपला वाटतो, वाटू दे की.

प्रतिसाद :
मी गिटार वाजवतो म्हणून वेगळं सांगतो. देश दुसऱ्या वाक्यात टाका, पहिल्यात त्याचा उजवा हात येऊ द्या. जुनी ग्रेच कंपनीची गिटार, हॅरी वांडाकडून आलेली, पिकअप (तारांचं कंपन पकडणारा भाग) काढून एकच ठेवलेला, तारा जाड, आणि अँपवर लोकांना वाटतं त्याच्यापेक्षा खूप कमी डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजात मुद्दाम आणलेली खरखर. कमी डिस्टॉर्शनमध्ये काही लपत नाही, कॉर्ड जरा उशिरा पडली तरी ऐकू येते. आणि तो दोन कॉर्ड्सच्या मधे जी शांतता ठेवतो ना, ती ठेवायला मला अजून जमत नाही, पंधरा वर्षं झाली. 'बॅक इन ब्लॅक' हे गाणं हेडफोन लावून ऐका, डाव्या कानात माल्कम, उजव्यात अँगस. बैठकीत सगळ्यांना आधी फक्त डावी बाजू ऐकवा.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. व्हिलावुडचं ग्रुपवर टाकलं तर स्कॉटिशवाला बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला ठीक आहे, पण ग्लासगो आलंच पाहिजे. ते मला पटलं, दहा वर्षांच्या मुलाच्या बोलण्यात-वागण्यात त्याचं गाव असतंच की. लंडनवाला अजून मानत नाहीये, त्याच्यासाठी १९७६ चा उल्लेख खाली कुठेतरी करेन.

आत्ता असं लिहिलंय : "ग्लासगोत जन्मलेल्या माल्कम यंगने १९७३ मध्ये, विसाव्या वर्षी, सिडनीत एसी/डीसी हा ऑस्ट्रेलियन बँड उभा केला आणि पुढची चाळीस वर्षं त्याचा ताल आपल्या उजव्या हाताने धरून ठेवला."

डावी बाजू आत्ताच ऐकली. इतकी वर्षं हे गाणं मी अँगससाठी ऐकत होते. उजवा कान बंद केला तर गाणं जवळजवळ पूर्णच उरलं. मग उलटं करून पाहिलं, डावा बंद केला, आणि ते गाणं उभंच राहीना. बैठकीला हे दोन्ही ऐकवणार आहे, आधी डावी बाजू, मग उजवी, आणि टिपण त्यानंतर वाचणार.