वाडीतली पाखाडी जांभ्याचीच ठेवावी की काँक्रीटची करावी?

पोफळीखाली (चर्चाप्रस्ताव)

गेल्या महिन्यात अंजर्ल्याला जाणे झाले. कड्यावरच्या गणपतीपर्यंत आता गाडी जाते, तरीही मी गाडी गावातच ठेवली आणि जुन्या पाखाडीने वर गेलो. अर्ध्या तासाच्या आतली ही वाट साठी ओलांडलेल्या माझ्या गुडघ्यांनीही फारशी कुरकुर न करता पार केली. दोन्ही हातांना गडगे (दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती), त्यांच्या फटींत नेचे, वाटेत दाखवले जाणारे गणपतीचे पाऊल आणि वर पोचल्यावर एकदम समोर येणारा समुद्र व सुवर्णदुर्ग, असा तो सगळा क्रम आहे. गाडीने थेट देवळापाशी उतरणाऱ्याला यातला शेवटचा तुकडा तेवढा मिळतो.

ज्यांना हा शब्द परिचित नसेल त्यांच्यासाठी सांगतो की पाखाडी म्हणजे जांभ्याचे, म्हणजे कोकणातल्या लाल दगडाचे, चिरे बसवून केलेली, चढ असेल तेथे पायऱ्यांची, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत नेणारी पायवाट. जिल्ह्यातल्या कामांच्या याद्यांत ‘पाखाडी बांधणे’ असे आजही लिहिलेले असते, मात्र प्रत्यक्षात तेथे बहुधा सिमेंटच ओतलेले दिसते.

प्रश्न आमच्या गावचा आहे. गाव गुहागर तालुक्यातले असून नाव मुद्दाम देत नाही. मुख्य रस्त्यापासून आगरांच्या (नारळी-पोफळीच्या बागांच्या) कडेने देवळावरून वरच्या वाडीत जाणारी आमची पाखाडी दहा-बारा मिनिटांची आहे. ती बहुतेक सपाट असून तीन ठिकाणी मिळून तेवीस पायऱ्या आहेत. तिचे चिरे काढून आठ फुटी काँक्रीट रस्ता करावा, म्हणजे दुचाकी आणि रिक्षा वरपर्यंत जातील, असा विषय येत्या ग्रामसभेपुढे आहे. माझा त्याला विरोध आहे.

पहिले कारण पाण्याचे आहे. आपल्या पट्ट्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. जुन्या पाखाडीत चिऱ्यांच्या सांध्यांतून काही पाणी मुरते आणि उरलेले किंचित कललेल्या बाजूने कडेच्या पऱ्यात (लहान ओहोळात) उतरते. शेजारच्या वाडीत चार वर्षांपूर्वी काँक्रीट झाले, तेव्हा तो पऱ्याच बुजवला गेला, आणि आता जोराची सर आली की सगळे पाणी उतारावरून धावत सर्वांत खालच्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, शिरते. त्या घरातल्या आजींनी उंबऱ्याबाहेर दोन चिरे आडवे लावून ठेवलेले मी या जुलैमध्ये पाहिले.

दुसरे कारण रुंदीचे. पाखाडी आज साडेचार फूट आहे. आठ फूट करायची तर निदान एका बाजूचा गडगा जाणार, त्यामागची पोफळींची एक ओळ जाणार, आणि एकदा वाट रुंद झाली की तिच्यावरून चालणारा माणूस कडेला सरकणार. आमच्या वाटेवर आज मुले मधोमध बसून सागरगोटे खेळतात, हे मला रस्त्यापेक्षा मोलाचे वाटते.

वरची वाडी

आपला प्रस्ताव वाचला. आपण लिहिता ती पाखाडी मी दररोज चार वेळा चढतो-उतरतो, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

मागच्या श्रावणात आमच्या शेजारच्या काकांना पहाटे छातीत दुखू लागले. १०८ ची गाडी मुख्य रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि ती वेळेत आली, याबद्दल तक्रार नाही. तिथपर्यंत काकांना न्यायचे कसे, हा प्रश्न होता. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, काकूंच्या लुगड्याने कमरेशी बांधून आम्ही चौघांनी त्यांना उचलले. देवळाजवळच्या वळणावर गडगा इतका आत आला आहे की चौघे एका ओळीत मावत नाहीत. तेथे खुर्ची डोक्याइतकी वर उचलून गडग्यावरून पलीकडे द्यावी लागली, तीही पावसात, शेवाळलेल्या पायरीवर अनवाणी उभे राहून, कारण चपला घालून त्या पायरीवर उभे राहताच येत नाही. काका वाचले. पण त्या वळणाला आपण ज्या नेच्यांचे कौतुक करता, ते माझ्या कोपराला घासून गेलेले मला आठवतात.

रोजचेही सांगतो. गॅसचा सिलिंडर खांद्यावरून येतो. घराची दुरुस्ती काढली तर वाळू, सिमेंट, पत्रा हे सारे गाडी थांबते तेथून घरापर्यंत आणण्याची मजुरी वेगळी मोजावी लागते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घरावरचे पत्रे उडाले, झाडे पाखाडीत आडवी झाली. उत्तरेकडे दापोली-मंडणगडात याहून कितीतरी भीषण झाले, पण आम्हीही नवे पत्रे एकेक करून डोक्यावर वाहिले, आणि तेही खालच्या वाडीत ट्रक दारात रिकामा होत असताना. मुलाच्या लग्नाचे पाहायला लागल्यापासून मुलीकडचे लोक पगाराच्या आधी “गाडी दारात येते का?” असे विचारतात, हे आपल्याला पुण्या-मुंबईत राहून कदाचित ठाऊक नसेल.

पाखाडी सुंदर आहे, याबद्दल माझे दुमत नाही. ती डिसेंबरात फार सुंदर दिसते.

गवंडीकाम

मी चिऱ्याचे काम करणाऱ्या घरातला आहे, म्हणून फक्त दगडाविषयी लिहितो. जांभा खाणीतून निघतो तेव्हा तासता येण्याइतका मऊ असतो आणि हवा-उन्हात राहून कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन या इंग्रजी अमलातल्या पाहणी अधिकाऱ्याला केरळात लोक याच्या विटा पाडताना दिसले, आणि १८०७ साली त्याने लॅटिन भाषेतल्या विटेच्या शब्दावरूनच या दगडाला लॅटराइट हे नाव दिले. आमच्या आजोबांच्या काळी पाखाडीसाठीचा चिरा एक पावसाळा उघड्यावर ठेवून, त्यातला फुटणारा बाजूला काढून मगच बसवत असत. आता यंत्राने कापलेला चिरा सकाळी खाणीतून निघतो आणि संध्याकाळी जमिनीत बसतो, आणि मग दोन वर्षांत त्याच्या कडा झडल्या की जांभाच टिकत नाही असे म्हटले जाते.

चिऱ्याची मुख्य सोय अशी की खराब झालेला एकच चिरा काढून तेथे दुसरा बसवता येतो आणि त्याला अर्धा दिवस पुरतो. खालची माती वाहून जाऊन काँक्रीटला तडा गेला, तर सबंध पट्टा फोडावा लागतो. मात्र शेवाळाच्या बाबतीत दोघांत फरक नाही. सावलीतल्या काँक्रीटवरही तितकेच शेवाळ धरते, आणि गुळगुळीत घोटून ठेवले असेल तर जास्तच घसरते.

खाडीपल्याड

प्रस्तावक आणि वरची वाडी या दोघांनाही एक हिशेब करून पाहण्याची विनंती आहे. पायरी सहा इंचांची धरली, तर तेवीस पायऱ्यांची चढण साडेअकरा फूट होते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बाराला एक, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी, असा सर्वसाधारण निकष आहे. त्या हिशेबाने साडेअकरा फुटांना १३८ फूट लांबीचा उतार लागेल. तीन जागी विभागून तो बसवता येईलही, पण ग्रामसभेपुढचा आराखडा असा असेल, असे मला वाटत नाही. पायऱ्या फोडून त्याच लांबीत जो काँक्रीटचा उतार होतो, त्यावरून दुचाकी पहिल्या गिअरमध्ये चढते, पण काठी घेतलेले माणूस पावसात उतरू शकत नाही. माझ्या आईला पायरी चालते, तिला घाबरवतो तो उतार. तेव्हा वृद्धांच्या नावाने मागितलेला रस्ता वृद्धांसाठी आहे की मोटारसायकलींसाठी, हे आधी स्पष्ट व्हावे.

त्याचबरोबर पोफळीखाली यांनाही सांगावेसे वाटते की पायऱ्यांना आजवर साधा कठडा नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. वाट जपायची म्हणणाऱ्यांपैकी एकानेही त्या तेवीस पायऱ्यांना लोखंडी नळीचा आधार लावा, असा अर्ज केल्याचे आपल्या लेखनात दिसत नाही.

लाल माती

माथेरानचा दाखला येथे उपयोगी पडेल. तेथेही लाल मातीच्या वाटांवर पेव्हर ब्लॉक घालावेत की नाहीत, यावर गावात सरळ दोन तट पडले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. दस्तुरी नाक्यापासून (बाहेरच्या गाड्या येथेच थांबतात) शिवाजी पुतळ्यापर्यंतच्या मुख्य वाटेवर पेव्हरना मुभा दिली, पण आतल्या वाटांवर ते घालू नयेत असे बजावले. म्हणजे माणसे आणि सामान जिच्यावरून ये-जा करतात ती एक वाट पक्की झाली आणि बाकीच्या वाटा राहिल्या. आपल्या गावात वरच्या वाडीला जाणारी अशी दुसरी एखादी वाट आहे का, हा खरा प्रश्न आहे.

पोफळीखाली

वरची वाडी यांनी सांगितलेला खुर्चीचा प्रसंग मला ठाऊक नव्हता. डिसेंबराचा टोला योग्य जागी लागला, हेही मान्य करतो. कठड्याबद्दलचा आक्षेपही खरा आहे. तो मला सुचला नाही, कारण मी पाखाडीने जातो तेव्हा माझे हात रिकामे असतात.

लाल माती यांच्या प्रश्नाचे उत्तर “आहे” असे आहे. सड्यावरून (वरच्या कातळी पठारावरून) आंब्याच्या बागांमधून एक जुनी बैलगाडीची वाट वरच्या वाडीच्या मागच्या अंगाला उतरते. ती रुंद आहे, तिला पायरी नाही, आणि आंब्याच्या हंगामात पेट्या नेणारा टेम्पो अर्ध्यापर्यंत येतोच. रस्ता तेथून न्यावा, रुग्णवाहिका आणि सामान तिकडून दारात यावे, आणि पाखाडीला एका बाजूने आधाराची नळी लावून, देवळाच्या वळणावरचा गडगा दोन हात मागे घेऊन ती जांभ्याचीच राखावी, असा दुरुस्ती-प्रस्ताव मी ग्रामसभेत मांडू इच्छितो. यात अंतर थोडे वाढेल, पण कोणाच्या खळ्यात पाणी जाणार नाही.

वरची वाडी

सड्यावरच्या वाटेचा विषय नवा नाही. माझ्या आठवणीत तो दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा संमतीपत्रांवर अडला. ती वाट कागदोपत्री वाट नाही, ती खासगी बागांतून जाते. मधल्या एका गटाच्या सातबाऱ्यावर एकोणीस नावे आहेत, त्यांतली चौदा माणसे गावात राहत नाहीत, आणि सही मागायला गेले की “भाऊ काय म्हणतो ते पाहून सांगतो” एवढेच उत्तर मिळते. पाखाडी आम्ही फोडायला निघालो आहोत ती हौस म्हणून नव्हे. तेवढी एकच जमीन अशी आहे, जिच्यासाठी कोणाची सही लागत नाही.

त्या एकोणीस नावांत एक नाव आपले आहे. आपल्याला ते आठवत असेल असे धरून चालतो.

पोफळीखाली

आठवत होते, पण त्याचा याच्याशी संबंध मी जोडला नव्हता. वडील गेल्यावर आम्हा भावंडांची नावे लागली, त्यानंतर तो उतारा मी उघडून पाहिलेला नाही.

माझे आणि धाकट्या भावाचे संमतीपत्र या आठवड्यात टपालाने ग्रामपंचायतीकडे पाठवतो. आत्याच्या दोन मुलींशी आज बोललो, त्या तयार आहेत. चुलत्यांकडचे चौघे गणपतीला गावी येतात, तेव्हा त्यांच्याशी समोर बसूनच बोलावे लागेल, फोनवर ते होणार नाही. तोपर्यंत ग्रामसभेने पाखाडीचा ठराव पुढे ढकलावा एवढी विनंती आहे, आणि ती मी येथे नव्हे तर लेखी अर्जाने करतो.

वरची वाडी

अर्ज करावा. विरोध करणार नाही. मात्र चौघांपैकी थोरल्यांना बागेतले दोन कलमी आंबे रस्त्यात जातील, हे सांगायला विसरू नये, कारण मागच्या वेळी बोलणे तेथेच फिसकटले होते.