मुलींच्या सतरा वर्षांखालच्या आशिया कपबद्दल विचारायचं होतं

जिंतूरचा काका: पुतणी फुटबॉल खेळायली. आमच्याकडं काळी माती, पावसाळ्यात मैदानावर बूट रुतून बसतो, तरी पोरगी ऐकत नाही. "काका, आपल्या पोरी आशिया कपला पात्र झाल्या," म्हणायली. 2022 ला तर अमेरिकेनं 8-0 नं धुतलं होतं ना?

नांदेडची ताई: दादा, तो वर्ल्ड कप होता, यजमान म्हणून थेट जागा मिळाली होती. ह्या वेळी पात्रता फेरी खेळून मिळवलंय. ऑक्टोबर 2025, किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक. उझबेकिस्ताननं आधी गोल केला, मग आपण 2-1 नं जिंकलो. 2026 ची स्पर्धा चीनमध्ये, 12 संघ. 2024 ला आठच होते.

लातूरकर: हुरळून जाऊ नका. उत्तर कोरिया बघा आधी. 2024 ला बालीत आशिया कपच्या फायनलमध्ये जपानला 1-0 नं हरवलं, त्याच वर्षी वर्ल्ड कपही नेला. पुतणीला त्यांचे सामने दाखवा, पास किती लवकर देतात ते बघू द्या.

जिंतूरचा काका: दाखवतो. पण शाळेत अकरा पोरी जमत नाहीत हो, पोरांसोबतच खेळायली. परभणीत मुलींचा सराव कुठं चालतो, कुणाला माहितीय?