दोन दिवस पाहणी, आणि म्हणे माळावर काहीच नाही!

हिरवाई: आमच्या गायरानाची एप्रिलमध्ये दोन दिवस पाहणी झाली. दुर्मिळ असं काही आढळलं नाही. आता तरी त्या ओसाड माळावर झाडं लावू द्या.

माळावरचा: वाचून राहवलं नाही. एप्रिलमध्ये काय दिसणार? खरचुडी या दुर्मिळ वेलाचा कंद तेव्हा जमिनीखाली असतो. वेल येतो पावसाळ्यात. भोवत्ये हे शिकारी पक्षी येतात थंडीत. ऋतू चुकवून केलेली पाहणी न केल्यापेक्षा वाईट, कारण तिचा कागद होतो. रानपिंगळा हा छोट्या घुबडाचा प्रकार 1884 नंतर सापडत नव्हता, संपला असंच धरलं होतं. 1997 साली शहाद्याजवळ दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला दिसला! पक्ष्यांचे नमुने जमवणाऱ्या एका संग्राहकानं चोरलेल्या नमुन्यावर खोटं ठिकाण लिहिलं होतं, त्यामुळे शोधणारेही भलतीकडे भटकले. आणि गवताळ माळाला ओसाड म्हणू नका. धाविक हा माळावरचा पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो. तिथे खड्डे खणल्यावर त्यानं जायचं कुठे?

हिरवाई: दहा वर्षं रोज तिथे फिरतोय. शेळ्या आणि धूळ, दुसरं काही नाही.

पायवाट: पाहणी करा, पण जागा जाहीर करू नका. धाविकाच्या घरट्याचा फोटो मीच जागेसकट ग्रुपवर टाकला होता. रविवारी चार गाड्या आल्या. भर उन्हात जोडी अंड्यांकडे फिरकली नाही. ती अंडी उबलीच नाहीत. अजून झोप लागत नाही.

माळावरचा: म्हणून नोंदच ठेवायची नाही? ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा झाकलेली असते.

पायवाट: जागा झाकाल हो, फोटोत मागे दिसणारा डोंगर कोण झाकणार? तुम्ही घरटं उजाड झालेलं पाहिलेलं नाही, म्हणून बोलताय.

माळावरचा: पाहिलंय. जेसीबीखाली. तिथे कुणाची नोंदच नव्हती, म्हणून अडवायला हातात कागद नव्हता.

धनगरवाडा: फोटोवरून भांडताय, आमचं कोण बोलणार? सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली झालं, जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर. शेतं, गावं सगळी आत. जमिनीचा साधा व्यवहार करायचा तरी अडचण. पुढे 1,222 वर आणलं, पण मधली वर्षं कोण परत देणार? पाहणीवाले दिसले की माझा बाप सांगायचा, पक्षी ठाऊक असला तरी दाखवू नको.

माळावरचा: हे मला नाकारता येत नाही. गावाला न विचारता रेघ मारली, ती चूकच. पण खरचुडी कुठे उगवते हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तुमच्याशिवाय पाहणी अर्धीच.

धनगरवाडा: येईन. काय लिहिलंत ते आधी वाचून दाखवायचं. चराई बंद असा शब्द आला तर सही नाही.

हिरवाई: बरं, यंदा खड्डे थांबवतो. ऑगस्टमध्ये खरचुडी दाखवा. नाही दिसलं तर झाडं लावणार.

माळावरचा: एका पावसाळ्यात ठरत नाही, पाऊस ओढ देतो तेव्हा कंद वर येईलच असं नाही. दोन तरी द्या.

हिरवाई: दोन. तिसरा मागू नका.

पायवाट: आणि सापडली तर फोन करा, फोटो टाकू नका.