१० मीटर एअर रायफल: मुलीसाठी देशी घेऊ का जर्मन?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी, मुलगी आठवीत आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेला ब्राँझ मिळालं तेव्हा टीव्हीसमोरनं हललीच नाही, त्यानंतर बालेवाडीच्या क्रीडा संकुलात उन्हाळी शिबिराला घातलं (त्याचा प्रकार ५० मीटरचा, हिचा १० मीटरचा, हे मला तिथे गेल्यावर कळलं) आणि आता ती ते सोडायला तयार नाही. सध्या क्लबची जुनी रायफल चार जणांत मिळून वापरतात. दुकानात विचारलं तर देशी स्प्रिंगवाली पंधरा-वीस हजारात सांगतात आणि वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ अशा जर्मन कंपन्यांची म्हटलं की दोन लाखांच्या पुढेच. नोकरदार माणूस आहे, पण तिचं मन खरंच लागलंय, वेळ पडली तर कर्ज काढीन. एवढा फरक नेमका कशाचा असतो? आणि लायसन लागतं का? सोसायटीत आत्तापासूनच लोक विचारायला लागलेत.

कोथरूडची_नेमबाज
दादा, स्प्रिंगवाली घेऊ नका, निदान मॅचसाठी तरी नको. मी तीच घेऊन सुरुवात केली होती म्हणून कळकळीने सांगतेय. त्यात चाप ओढला की आतला पिस्टन जोरात पुढे जातो आणि पेलेट (छर्रा) नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल हलते, शिवाय ब्रेक बॅरलमध्ये दर शॉटला नळी मोडून भरायची, म्हणजे खांदा, गाल, कोपर सगळं परत जुळवायचं. टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो हो! दोन वर्षं मी रडत होते की माझाच हात स्थिर नाही. मग एकदा रेंजवरच्या एका ताईंनी त्यांची पीसीपी हातात दिली, म्हणजे दाबलेल्या हवेचं सिलेंडर असलेली, आणि पहिल्या दहा शॉटचा ग्रुप (टार्गेटवर किती जवळजवळ लागले ते) बघून मी रेंजवरच खाली बसले. झटका जवळजवळ नाहीच.

पण म्हणून लगेच जर्मन घ्या असंही नाही. वरचे पैसे जातात ते नळी, ट्रिगर आणि स्टॉकवर (म्हणजे दस्त्यावर). ट्रिगर इतका हलका नि स्वच्छ की बोट टेकलं की सुटतो, आणि गालाचा तुकडा, खांद्याला टेकणारी बटप्लेट सगळं मिलिमीटरने सरकतं. तेरा वर्षांची मुलगी दरवर्षी वाढणार, त्यामुळे सरकणारा स्टॉक तिला सगळ्यात गरजेचा आणि तो आता देशी पीसीपीतही मिळतो. नियमात वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं पण तिला तेवढं देऊ नका, पाठ जाईल, हलकी बघा. आणि आधी जॅकेट नि बूट तिच्या मापाचे घ्या. उसन्या ढगळ जॅकेटमध्ये दोन लाखांची रायफलसुद्धा डुलते.

बालेवाडी_पालक
ताईंचं बरोबर आहे, फक्त शाळेच्या स्पर्धेत ओपन साइटचा (नळीवरच्या उघड्या खाचेतून नेम धरायचा, पीप साइटमध्ये बारीक भोकातून) वेगळा गट असतो, तिथे साधी रायफल घेऊन पण मुलं उतरतात, तुमची मुलगी कुठल्या गटात आहे ते कोचना विचारा.

सेकंडहँड घेणार असाल तर माझं ऐका. मुलासाठी एका सीनियरची जर्मन घेतली, निम्म्या किमतीत, चकचकीत, खूश होतो. चार महिन्यांनी मॅचच्या आधी इक्विपमेंट चेकिंगला त्या माणसाने रायफल उलटी धरली, सिलेंडरवर बारीक अक्षरात कोरलेली तारीख अंगठ्याने पुसून वाचली आणि नाही म्हणाला. मुदत संपलेली. पोराचा चेहरा अजून आठवतो. हवा २०० बार दाबाने भरलेली असते, तिथे मुदत ही जिवाची गोष्ट आहे, पण मला ती बघायची असते हेच कोणी सांगितलं नव्हतं. नवीन सिलेंडर मागवायला पैसे गेले ते वेगळे आणि सीझन गेला तो वेगळा.

पेलेटवर कंजुषी नको. एकाच ब्रँडमध्ये ४.४९ आणि ४.५० मिमी अशी पेलेटच्या डोक्याची मापं येतात, प्रत्येक नळीला वेगळं आवडतं, दोन्हीचे पाच-पाच शॉट रायफल टेकवून मारून बघा.

नाना_सदाशिवपेठ
लायसनबद्दल: ४.५ मिमी आणि २० जूलपर्यंतच्या ताकदीच्या एअर रायफलला लागत नाही, मॅच रायफल साडेसात जूलच्या आसपास असते. तरी बिल नि क्लबचं कार्ड केसमध्ये ठेवा, रस्त्यात कोणी विचारलं तर दाखवता येतं. गच्चीवर अजिबात काढू देऊ नका. एअरगनने पक्षी मारणं हाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे आणि डोळा गेला तर परत येत नाही, म्हणून घरात सुद्धा केस कुलूपबंद, पेलेट वेगळ्या कपाटात.

सिंहगडरोडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. आज कोचना विचारलं, गट पीप साइटचा आहे, म्हणजे स्प्रिंगवाली बाद. शनिवारी जॅकेटचं माप द्यायला जातोय. क्लबमध्येच एकांची देशी पीसीपी आहे, ते म्हणाले महिनाभर तिला मारू दे मग ठरवा. जाताना सिलेंडर फिरवून तारीख तिनेच वाचली, अजून सहा वर्षं आहेत.