‘उभ्या रेषा नंतर सरळ होतात’ म्हणणाऱ्यांसाठी

खाडीकाठ

परवा या मंचावर एकाने लिहिलं : “कोकणातल्या घरा-देवळांच्या फोटोंसाठी शिफ्ट लेन्स (कॅमेरा सरळ ठेवून जी वर-खाली सरकवता येते) म्हणजे पैशांचा चुराडा. १४ मिमी लावा, कॅमेरा वर करून क्लिक करा, लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये एका बटणात रेषा सरळ. आकाश बदला, तारा पुसा, चिऱ्याचा (जांभा दगडाचा) लाल थोडा वाढवा.” खाली सगळ्यांनी ‘अगदी बरोबर’ लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

कॅमेरा वर केला की भिंतींच्या उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात. त्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ होतात, पण फुकटात नाही. २४ मिमी लेन्स फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिमी सेन्सरवर) आडवी धरून २० अंश वर केली आणि मग सरळ केली, तर वरच्या कडेचे पिक्सेल खालच्या कडेच्या मानाने आडवे जवळजवळ दीडपट आणि उभे दुप्पट ताणले जातात. वरच्या कडेला काय असतं? आढं, कौलांच्या शेवटच्या ओळी, देवळाचा कळस. जिथे बारीक काम, तिथेच तपशील विरळ. खालचे दोन्ही कोपरे रिकामे होतात ते वेगळंच. ते कापले की अंगणाच्या कडेचं तुळशीवृंदावन गेलं. त्यात फाईल आधीच क्रॉप केलेली असेल किंवा जुन्या मॅन्युअल लेन्समुळे फोकल लेंग्थ नोंदलेली नसेल, तर सॉफ्टवेअर अंदाज बांधतं आणि दीपमाळ हडकुळी नाहीतर बसकी होते.

शिफ्टने हेच कसं होतं ते बघा. २४ मिमी लेन्स, कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर, पूर्ण समपातळीत. लेन्स ६ मिमी वर सरकवली की कॅमेऱ्याच्या पातळीच्या वर अंतराच्या पाऊणपट दिसतं आणि खाली पावपट. १० मीटरची दीपमाळ १२ मीटरवरून टोकापासून पायथ्यापर्यंत बसते. पूर्ण १२ मिमी सरकवू नका. आडव्या फ्रेममध्ये क्षितिज थेट खालच्या कडेवर येतं आणि जमीनच जाते. डीएसएलआर (आरशाचा कॅमेरा) असेल तर लेन्स सरकवण्याआधी एक्स्पोजर मोजून मॅन्युअलवर पक्कं करा, नंतर मीटर चुकतो.

वासा_आणि_रीप

गणित बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. आपली कौलारू घरं बुटकी. आढं ६ मीटरवर धरा. १२ मीटरवरून २८ मिमी समपातळीत धरली तर साडेसहा मीटरपर्यंत दिसतं. ना शिफ्ट लागते, ना दुरुस्ती.

उंच इमारत असेल तरी १६ मिमी घ्या, कॅमेरा समपातळीत ठेवा आणि खालची जास्तीची जमीन कापा. १६ मिमी समपातळीत वर अंतराच्या पाऊणपटच बघते, म्हणजे तुमच्या २४ अधिक ६ इतकंच. ४५ मेगापिक्सेलचं चित्र कापून २० उरतं, ३०० डीपीआयला १८ बाय १२ इंच छापता येतं. पर्यटनाच्या पुस्तिकेला याहून काय हवं? आणि १७ मिमीच्या शिफ्ट लेन्सची पुढची काच फुगीर, साधा फिल्टर बसत नाही. समुद्रावर खारे तुषार थेट काचेवर. ती काच कोरड्या फडक्याने पुसली की मिठाचे कण कोटिंगवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअर, मग किंचित ओलं फडकं, मग कोरडं. हा रोजचा ताप नवशिक्याच्या गळ्यात कशाला मारता?

खाडीकाठ

समपातळीत धरून खालचं कापणं म्हणजे भूमितीने शिफ्टच, हे मान्य करावंच लागेल. पण तुम्ही ज्याची बाजू घेताय त्याने समपातळी म्हटलेलंच नाही, ‘वर करून’ म्हटलंय. तुमची पद्धत त्याच्या पद्धतीच्या उलट आहे.

आणि १२ मीटर मोकळे कुठे मिळतात? गुहागर, मुरुड, आंजर्ल्यात घराचं खळं (अंगण) संपलं की पोफळी सुरू. तिथे ६-७ मीटर मिळाले तरी नशीब. रत्नागिरीचा थिबा राजवाडा घ्या. १९१० सालचा, तीन मजली, वर उतरतं छप्पर, लाकडी कोरीव कमानी. त्या कमानी वरच्या भागातच आहेत. तिथे कापून उरलेले २० मेगापिक्सेल मोठ्या छपाईला अपुरे पडतात.

चुनखडी

तुम्ही दोघं रेषांवर भांडत बसा. त्या पोस्टमधलं सगळ्यात घातक वाक्य ‘चिऱ्याचा लाल थोडा वाढवा’ हे आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही याचा संताप येतो.

जांभ्याच्या फोटोत लाल रंग आधीच कॅमेरा टिपू शकेल त्या मर्यादेच्या काठावर असतो. कॅमेऱ्याचा एकरंगी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण तिन्ही रंगांचा उघडा, उन्हातल्या भिंतीवर लाल आलेखाच्या उजव्या कडेला टेकलेला असतो. त्यावर सॅच्युरेशन वाढवलं की चिऱ्याची भोकं, छिन्नीच्या खुणा, मधल्या पिवळसर मातीच्या शिरा सगळं एका सपाट नारिंगीत बुडतं. मग ती वीटही वाटत नाही, प्लास्टिक वाटतं. नारिंगी सरकपट्टी तर आणखी धोक्याची. ती कौल, सागाचं दार आणि माणसाची त्वचा, सगळ्यांना एकदम ओढते.

करायचं असं : दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी एक्स्पोज करा. नंतर रंग जुळवण्यासाठी २४ चौकोनांचा रंगतक्ता भिंतीला टेकवून, भिंतीवर पडतो त्याच उजेडात, एक फ्रेम घ्या. तक्ता अंगणात आणि भिंत पडवीच्या सावलीत, असं केलं तर तो तक्ता निरुपयोगी. ऑटो व्हाइट बॅलन्स बंद. फ्रेमभर जांभा दिसला की कॅमेरा त्याला उजेडाचा रंग समजतो, निळं मिसळतो आणि चिरा मातकट जांभळा होतो.

वासा_आणि_रीप

चिऱ्याचा ‘खरा’ रंग तरी कोणता? खाणीतून काढलेला ताजा चिरा पिवळट-लाल आणि मऊ, हवा लागून कडक आणि गडद होतो. पावसाळ्यात भिजून तपकिरी, ऑक्टोबरात वर हिरवी बुरशी, मार्चपर्यंत ती सुकून काळे डाग. एकाच भिंतीचे वर्षात चार रंग. तुमचा तक्ता त्यातला कुठला खरा ठरवणार?

चुनखडी

त्या दिवशीचा. फोटोखाली महिना लिहा, विषय संपला. ओल्या चिऱ्यावर पोलरायझर फिल्टर वापरा, चकाकी जाऊन रंग खोल दिसतो. पण २० मिमीच्या आतल्या लेन्सवर आभाळ असेल तर काढा, आकाशात एकाच बाजूला काळा पट्टा येतो.

रंगाचं बोलतोच आहोत तर ऐका. चिऱ्यावर लाल ऑइलपेंट मारून वर पांढऱ्या रेघा ओढलेली घरं अर्ध्या कोकणात झाली आहेत. फोटोतला खोटा लाल आणि भिंतीवरचा खोटा लाल, दोन्ही एकाच रोगाची लक्षणं आहेत. चिरा सच्छिद्र असतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि पृष्ठभागातून उडून जाते. वर तेलरंगाचा किंवा सिमेंटच्या गिलाव्याचा पापुद्रा बसला की ओल आत अडकते, क्षार त्या पापुद्र्यामागे साचतात आणि दोन-चार पावसाळ्यांत रंग चिऱ्याच्या पुडासकट सुटतो.

नळ्याखालचो

रंग मारतत ते हौसेन मारनत नाय. उघड्या चिऱ्यात पावसाचा पाणी झिरापता, घरात ओल येता, म्हातारी माणसा आजारी पडतत. नळे (कौला) परतूक माणसा गावनत नाय, म्हणान पत्रो घालतत. फोटो काढणाऱ्यांका जुना घर सुंदर दिसता, पण रवतत आमी.

चुनखडी

दादा, ओल येते हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण ती ऑइलपेंटने थांबत नाही, आत कोंडते. पाणी झिरपतं ते बहुतेक दरजांतून. दरजा चुन्यात भरून घ्या, पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील इतकं छप्पर बाहेर ठेवा, नैऋत्येच्या बाजूला झावळ्यांची झापं बांधा. पत्र्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कौल शेकारायला माणूस मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे.

खाडीकाठ

धागा फोटोंचा आहे याची आठवण करून देतो.

दिवेलागण

मग फोटोवरच. तारा पुसण्याबद्दल माझं मत कडक आहे. दारातली दुचाकी, दोरीवरचे कपडे, बादली : घरातल्यांना विचारून हाताने हलवा. विजेचा खांब, पाण्याची टाकी, शेजारचा पत्रा कायमचे आहेत, ते राहू द्या. उभं राहायची जागा दोन पावलं बदलली की निम्म्या तारा आढ्यामागे लपतात.

फोटोशॉपच्या एआय भराईने तार पुसली की मागची कौलं ते नव्याने ‘रचतं’. मंगलोरी कौलाची खाच एकमेकांत अडकते, ओळ सरळ उतरते. ते रचतं त्यात ओळी मध्येच सरकतात, कौल अर्ध्यात संपतं. कोरीव तुळईवर तर नक्षीच नवी येते. उद्या तोच फोटो बघून सुतार दुरुस्ती करेल. ज्या फोटोला नोंद म्हणून किंमत आहे त्यात हे चालणार नाही. आकाश बदललं की ओल्या खळ्यात जुनंच राखाडी आभाळ उरतं आणि माडाच्या झावळ्यांच्या कडेला पांढरी किनार दिसते.

आकाश हवंच असेल तर वेळ साधा. आपल्या अक्षांशावर, १७ अंशांच्या आसपास, उत्तरेकडे तोंड असलेल्या दर्शनी भागाला भर दुपारचं ऊन साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंतच मिळतं, आणि त्यातला बराचसा काळ पावसात जातो. म्हणजे उरतो मे. पूर्वाभिमुख देवळं सकाळी. जंजिऱ्याचा महादरवाजा राजपुरीकडे, म्हणजे पूर्वेला, म्हणून तोही सकाळीच. दुपारनंतर तो सावलीत आणि मागचं आकाश जळलेलं (पांढरंफटक). होडीतून ट्रायपॉडचा उपयोग नाही, १/५०० पेक्षा हळू जाऊ नका.

वासा_आणि_रीप

छापील पत्रकासाठी काढलेल्या फोटोतून एक तार पुसली तर जग बुडत नाही. जाहिरात आणि नोंद यांत फरक करा. नोंदीच्या फोटोपुरतं तुमचं म्हणणं मान्य, त्यापुढे नाही.

एक विषय कुणी घेतलाच नाही : माजघर. दारातून निळा उजेड, आत पिवळा दिवा, काचेच्या कौलातून जमिनीवर जळलेला चौकोन. दिवा बंद करा, एकाच रंगाचा उजेड ठेवा. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८, दोन-दोन स्टॉपच्या फरकाने पाच फ्रेम. सर्वांत लांब फ्रेम १५ सेकंदांवर गेली तरी चालेल, पण शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाय रुततात, ट्रायपॉडखाली फरशीचे तुकडे ठेवा. पाच फ्रेम सॉफ्टवेअरला आपोआप एकत्र मिसळू (एचडीआर) देऊ नका, कोपऱ्यातला अंधार राखाडी होतो. मधली फ्रेम मूळ धरा आणि फक्त दार व काचेचं कौल गडद फ्रेममधून मास्कने (तेवढाच भाग निवडून) घ्या.

खाडीकाठ

माजघराबद्दल पूर्ण सहमत, विशेषतः अंधार राखण्याबद्दल. दिवा ठेवावाच लागला आणि तो एलईडी असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर टाळा, नाहीतर आडवे पट्टे येतात.

नळ्याखालचो

चुनखडीनू, आता मारलेलो तेलरंग काढूचो कसो ता सांगा. वाळूचो फवारो मारून जाता म्हणतत.

चुनखडी

वाळूचा फवारा अजिबात नको. हवा लागून चिऱ्यावर जो कडक थर आलेला असतो तोच उडतो आणि आतला मऊ भाग उघडा पडतो, पुढच्या पावसात झिजतो. रंग काढायचं रसायन आधी मागच्या भिंतीवर हातभर जागेत लावून बघा, फुगलेला रंग लाकडी पट्टीने खरवडा, भरपूर पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. तारेचा ब्रश नको. एक उन्हाळा भिंत तशीच सुकू द्या.

मग हवाच असेल तर चुना. कळीचा किंवा शिंपल्यांचा, भिजवून निदान काही आठवडे मुरवलेला, फडक्याने गाळून दुधासारखा पातळ. भिंत ओली करून तीन पातळ हात, दोन हातांमध्ये एक दिवस. एक जाड हात दिला तर पापडी सुटते. आणि फोटोवाल्यांनो, ती भिंत टिपाल तेव्हा वाडीतल्या पोफळींचा हिरवा उजेड तिच्यावर पडलेला असेल. तक्ता तिथेही भिंतीला टेकवूनच धरा.